लुटारूंच्या हाती सापडलेला मनुष्य

शास्त्रवाचन : यहोशवा ९:३-१८, लूक १०:२५-३७



यरुशलेमेहून यरीहोकडे जाणारी वाट सुमारे २७ किलोमीटरची. एवढ्या अंतरात ती सुमारे एक हजार मीटर खाली उतरते. दोहों बाजूंस उजाड डोंगर, मध्ये घळी, आणि लपून बसणाऱ्यास सोयीच्या असंख्य जागा. या वाटेने एक मनुष्य निघाला आणि लुटारूंच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे वस्त्रही ठेवले नाही. त्याला मारून, अर्धमेला टाकून ते निघून गेले.

ही गोष्ट आपण शब्बाथशाळेच्या बाकावर बसून ऐकली आहे, नाताळच्या व कापणीच्या सणाच्या कार्यक्रमांत तिच्यावर बसवलेली नाटुकली पाहिली आहेत. परंतु तिच्यातील एका मौनाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. हा मनुष्य एकटाच का निघाला? वाट धोक्याची आहे हे त्याला ठाऊक नव्हते काय? त्याने पुष्कळ पैसा बरोबर का घेतला? सोबत मिळेपर्यंत तो थांबला का नाही? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर प्रभूने दिलेले नाही. शोमरोन्याच्या तोंडीही असा एकही प्रश्न घातलेला नाही. जखमी माणसाची शहाणीव मोजण्याचे काम या दाखल्यात कोणीच करीत नाही.

आज हे मौन आपण मनावर घ्यावे अशी माझी विनंती आहे. कारण आपल्या मंडळ्यांतून असे कित्येक स्त्रीपुरुष रविवारच्या उपासनेत आपल्या शेजारी बसलेले असतात, ज्यांस लुटारूंनी गाठले आहे आणि ज्यांनी ते कोणालाही सांगितलेले नाही. आता लुटारू डोंगराच्या आडोशाला बसत नाहीत. ते दूरध्वनीवरून बोलतात, पत्र पाठवतात, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर संदेश धाडतात. सोडतीचे बक्षीस, परदेशातून आलेली भेट, अनोळखी मृताचा वारसा, घरबसल्या नोकरी, अशा नाना निमित्तांनी ते आधी थोडे पैसे मागतात आणि पुढे माणसाचे सर्वस्व नेतात.

१. लुटारूंची रीत

ही रीत नवी नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतील सुखवस्तू गृहस्थांस पत्रे येत. त्यांत लिहिलेले असे की, एक श्रीमंत सरदार स्पेनमधील तुरुंगात खितपत पडला आहे. त्याच्या सुटकेसाठी थोडी रक्कम पाठवावी, तो सुटला की आपल्या गुप्त धनाचा मोठा वाटा देईल. असा कैदी कोठेच नसे. १९८०च्या दशकापासून याच प्रकारची पत्रे नायजेरियातून टपालाने, पुढे फॅक्सने आणि नंतर ई-मेलने जगभर जाऊ लागली. त्या देशाच्या फौजदारी कायद्यातील ज्या कलमाखाली हा गुन्हा येतो त्याचा क्रमांक ४१९ असल्यामुळे या फसवणुकीस तेच नाव पडले. आपल्याकडेही ठकाला 'चारशेवीस' म्हणतात. भारतीय दंडसंहितेचे ४२०वे कलम १ जुलै २०२४ पासून जाऊन त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे ३१८वे कलम आले, तरी तो शब्द लोकांच्या जिभेवरून गेलेला नाही. कलमे बदलतात, माणसाचा लोभ आणि माणसाची गरज मात्र तशीच राहते, आणि लुटारू या दोहोंवर जगतो.

त्याची पद्धत ओळखून ठेवावी. दूरदर्शनवरील एका लोकप्रिय प्रश्नमंजूषेच्या नावाने संदेश येतो की, आपल्या क्रमांकास २५ लाखांचे बक्षीस लागले आहे. किंवा लंडनहून पत्र येते की, आपला ई-मेल पत्ता चिठ्ठ्या टाकून निवडला गेला आहे. किंवा परदेशातील नवा मित्र कळवतो की, त्याने पाठवलेली मौल्यवान भेट विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अडवून ठेवली आहे. कथा निराळ्या, मागणी एकच. रक्कम सोडवून घेण्यासाठी आधी प्रक्रियाशुल्क भरा. ते भरले की कर, तो भरला की चलनबदलाचा आकार, त्यानंतर कोणते तरी प्रमाणपत्र. प्रत्येक वेळी सांगितले जाते की हाच शेवटचा हप्ता. आरंभी मागितलेली रक्कम लहान असते, म्हणून माणूस ती देतो. आणि एकदा दिली की तीच पुढची रक्कम देण्याचे कारण होऊन बसते. 'आता इतके गेले, थोडक्यासाठी कशाला थांबावे?' असे मन म्हणू लागते. या बिंदूपासून पुढे लुटारूला फारसे बोलावेही लागत नाही.

भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१० साली याच प्रकाराविषयी बँकांस व जनतेस सावध केले होते. सोडतीची तिकिटे घेण्यासाठी परदेशी पैसा पाठवणे आपल्या परकीय चलनविषयक कायद्यानुसार मनाईचे आहे. रिझर्व्ह बँक कोणाही व्यक्तीचे खाते ठेवत नाही, कोणाच्या बक्षिसाचे पैसे सांभाळत नाही, आणि ते सोडवण्यासाठी कोणाला पत्र लिहीत नाही. आणि हे तर लहान मुलासही कळावे की, ज्या सोडतीचे तिकीट आपण घेतलेच नाही ती सोडत आपल्याला लागू शकत नाही.

परंतु शुल्काहूनही एक महत्त्वाची मागणी लुटारू आरंभीच करतो, आणि ती फुकट असल्यामुळे आपण निःशंकपणे मान्य करतो. तो म्हणतो, 'हे तूर्त कोणाला सांगू नका.' कारण कधी सुरक्षिततेचे असते, कधी कराचे, कधी भाऊबंदांच्या मत्सराचे. या मागणीचा खरा हेतू आपल्या पत्नीला, मुलाला, शेजाऱ्याला, पाळकाला दूर ठेवणे हा आहे. वाटसरू एकटा पडला की निम्मे काम झाले.

२. शिळ्या भाकरी

'असल्या थापांना कोण भुलतो? मूर्खच असले पाहिजेत,' असे आपण सहज बोलून जातो. यहोशवाच्या पुस्तकाचा नववा अध्याय आपल्याला असे बोलू देत नाही.

गिबोनाचे लोक इस्राएलाच्या जवळच राहत होते; पण त्यांनी दूर देशाहून आल्याची बतावणी केली. गाढवांवर जीर्ण गोणपाट, द्राक्षारसाचे फाटून शिवलेले बुधले, पायांत ठिगळे लावलेले जोडे, अंगावर जुनी वस्त्रे, आणि शिदोरीला वाळून बुरसलेल्या भाकरी. यहोशवा भोळा नव्हता. तुम्ही कोण, कोठून आलात, असे त्याने त्यांना विचारले. परंतु त्यांनी पुरावा पुढे केला : 'निघालो तेव्हा ही भाकर ऊन होती, आता पाहा.' वडीलधाऱ्यांनी शिदोरी हाती घेऊन पाहिली, त्यांची खात्री पटली, करार झाला, शपथ वाहिली गेली. तीन दिवसांनी कळले की हे तर शेजारीच आहेत. त्यांची चूक शास्त्राने एकाच गोष्टीत सांगितली आहे : त्यांनी परमेश्वराचा सल्ला घेतला नाही.

यार्देन ओलांडलेला, यरीहो जिंकलेला, मोशेच्या हाताखाली तयार झालेला पुढारी भाकरीच्या एका तुकड्याने फसला. मग बँकेचे बोधचिन्ह, गोल शिक्का, अधिकाऱ्याचे छायाचित्र लावलेले ओळखपत्र आणि गव्हर्नरांची नक्कल केलेली सही पाहून एखादी निवृत्त शिक्षिका फसली तर नवल ते काय? तिच्यापुढेही लुटारूने भाकर ठेवलेली असते. केवळ ती कागदाची असते.

शिकलेसवरलेले यातून सुटतात असेही नाही. ब्राझीलमधील साओ पाउलो येथील बँको नोरोएस्ते या बँकेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने १९९५ ते १९९८ या काळात नायजेरियाच्या राजधानीत बांधायच्या एका विमानतळाच्या नावाखाली सुमारे २४ कोटी डॉलर पाठवले. असे कोणतेही विमानतळाचे काम नव्हते. समोरचा मनुष्य त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर असल्याची बतावणी करीत होता. ज्याचा धंदाच पैसा तपासून घेण्याचा, तो तीन वर्षे पैसे पाठवत राहिला. पुढे ती बँकही टिकली नाही. या कटाच्या सूत्रधाराला २००५ साली नायजेरियाच्याच न्यायालयाने शिक्षा ठोठावली, हेही सांगितले पाहिजे. कारण एका देशाच्या नावावर काही ठकांनी लावलेला डाग आपण तेथील कोट्यवधी प्रामाणिक लोकांवर, त्यांतील आपल्या ख्रिस्ती बंधुभगिनींवर, लावू नये.

विश्वासणाऱ्यांसाठी तर लुटारूंनी निराळी भाकर भाजून ठेवलेली आहे. 'ख्रिस्तात प्रिय' अशा संबोधनाने पत्र सुरू होते. लिहिणारी स्वतःस विधवा म्हणवते, तिला असाध्य व्याधी जडली आहे, अपत्य नाही, पतीने मागे ठेवलेले लक्षावधी डॉलर प्रभूच्या सेवेसाठी, अनाथालयासाठी, मंदिराच्या बांधकामासाठी एखाद्या देवभीरू माणसाच्या हाती सोपवावे अशी तिची अखेरची इच्छा आहे. अधूनमधून शास्त्रवचने पेरलेली असतात. हे पत्र लहान गावातील पाळकाच्या हाती पडते, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे स्वतःची चैन नसते. गळणारे छप्पर असते, वसतिगृहातील मुले असतात, कित्येक महिने न मिळालेला पगार असतो. ज्या प्रार्थना त्याने वर्षानुवर्षे केल्या त्यांचे उत्तर आले असे त्याला वाटते.

येथे आपण व्यासपीठावर उभे राहणाऱ्यांनी थोडे थांबावे. 'विश्वासाने बी पेरा, देव शंभरपट देईल. हजार अर्पण करा, लाख घरी येतील' अशी शिकवण ज्या मंडळीत वर्षभर दिली जाते, त्या मंडळीतील भोळ्या माणसाला लुटारूच्या पत्राची भाषा परकी का वाटावी? आधी थोडे दे, मग पुष्कळ मिळेल, हे त्याने पवित्र ठिकाणी ऐकलेलेच असते. जमीन आपण नांगरून ठेवायची आणि पीक लुटारूने न्यायचे, असे होऊ नये. अर्पण हे कृतज्ञतेचे असते. परतफेडीच्या आशेने दिलेले अर्पण हा देवाशी मांडलेला व्यवहार होतो, आणि व्यवहाराची सवय लागलेल्या मनाला देवदूत आणि ठक यांच्या आवाजांतील भेद ऐकू येईनासा होतो.

३. घाव कोठे लागतो

पैसा जातो हे उघड आहे. पण तो कोणता पैसा, याचा विचार करा. एखाद्या मिशन रुग्णालयात तीस-पस्तीस वर्षे रात्रपाळ्या करून निवृत्त झालेल्या परिचारिकेची कल्पना करा. तिचा भविष्यनिर्वाह निधी एकदाच हाती आला आहे, तो पुन्हा येणार नाही. तो संपला की ती पतपेढीतून कर्ज काढते. मग गळ्यातले, कानातले गहाण पडते. मग भिशीचे पैसे, भावाकडून हातउसने, आणि त्यासाठी रचलेले एखादे खोटे कारण. ज्या स्त्रीने आयुष्यात खोटे सांगितले नाही ती आता घरातल्या घरात खोटे सांगू लागते. लुटारूने तिच्या हातून केवळ द्रव्य नेले नाही. तिचा सरळपणाही नेला, आणि हे ती स्वतः जाणते.

मग एके दिवशी दूरध्वनी बंद होतो. त्या दिवशी तिला दोन गोष्टी एकदम कळतात : पैसे गेले, आणि हे कोणाला सांगता येणार नाही. घरी चोरी झाली तर शेजारी जमतात, चहा करून देतात, पोलिसांत जाताना सोबत येतात. पण या चोरीत घरमालकाने आपल्या हातांनी दार उघडून दिलेले असते, म्हणून तो आपल्यालाच चोर समजू लागतो. झोप उडते. उपासनेला येणे कमी होते. प्रभुभोजनाच्या वेळी ती मागच्या मागे निघून जाते. पतिपत्नीत अबोला येतो, मुले फटकून बोलतात. काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, आणि काहींनी तसे केलेही आहे. एवढ्यात दुसरा लुटारू येतो. तो स्वतःस वकील किंवा पोलीस अधिकारी म्हणवतो आणि गेलेले पैसे परत मिळवून देण्यासाठी पुन्हा शुल्क मागतो. फसलेल्यांची नावे त्यांच्यात विकली जातात. जखमी माणूस वाटेवर पडलेलाच आहे, हे त्यांना आपल्याआधी ठाऊक असते.

आत कोंडलेला हा घाव कधी दुसऱ्याच्या रक्तानेही फुटतो. फेब्रुवारी २००३ मध्ये चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथे अशा फसवणुकीत सापडलेला एक ७२ वर्षांचा वृद्ध नायजेरियाच्या वकिलातीत गेला आणि त्याने तेथील वाणिज्यदूत मायकल वायिद यांना गोळी घालून ठार मारले. ज्यांनी त्या वृद्धाला लुटले ते कोठेतरी सुखरूप होते. मेला तो निरपराध मनुष्य, आणि उरलेले आयुष्य उद्ध्वस्त झाले ते दोन घरांचे.

४. दुसऱ्या बाजूने गेलेले

याजक आणि लेवी यांनी त्या जखमी माणसाला मारले नाही. त्यांनी त्याला पाहिले, आणि ते दुसऱ्या बाजूने निघून गेले. आपल्या मंडळीत दुसऱ्या बाजूने जाण्याचे तीन मार्ग फार वहिवाटीचे झालेले आहेत.

पहिला मार्ग हसण्याचा. 'पंचवीस लाख लागले म्हणे!' असे म्हणून आपण उपासनेनंतर अंगणात हसतो. ते हसू दोन बाकांपलीकडे उभ्या असलेल्या कोणाच्या तरी कानी पडते, आणि त्याच्या ओठांवर आलेली हकिकत परत पोटात जाते. दुसरा मार्ग चौकशीचा. 'किती गेले? कोणाला पाठवले? मला आधी का नाही विचारले?' अशा प्रश्नांत मदतीचा अंश थोडा आणि न्यायनिवाडा जास्त असतो. तिसरा मार्ग शास्त्राचा, आणि तो सर्वांत धोक्याचा. आपण तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय उघडतो आणि द्रव्यलोभाचे फळ वाचून दाखवतो.

लोभ असतो, हे मी नाकारत नाही. न कष्टलेले धन मिळावे ही इच्छा आत्म्यास अपायकारक आहे, आणि ज्याच्या मनात ती होती त्याने देवापुढे ती कबूल करावी. त्याला क्षमा आहे. परंतु फसलेल्यांपैकी पुष्कळांस लोभाने ओढलेले नसते. एकाला पत्नीच्या उपचाराचा खर्च भागवायचा असतो, दुसऱ्याला मुलाची नोकरी लावायची असते, तिसऱ्याला एकाकीपणी कोणीतरी रोज विचारपूस करणारा भेटलेला असतो. पौलाने तो अध्याय शिष्याला सावध करण्यासाठी लिहिला. वाटेवर पडलेल्याच्या जखमेत बोट घालण्यासाठी त्याचा उपयोग करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? वाट चालू लागण्याआधी बोध करावा; मनुष्य पडल्यावर आधी त्याला उचलावे.

५. तेल, द्राक्षारस आणि चांदीची दोन नाणी

शोमरोन्याने काय केले ते क्रमाने पाहा. तो जवळ गेला. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या. त्याला आपल्या जनावरावर बसवले. उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले, आणि निघताना दोन दिवसांच्या मजुरीइतकी नाणी देऊन पुन्हा येण्याचे वचन दिले. या दयेला हातपाय आहेत. आपल्या दयेलाही ते असावेत.

जवळ जाणे म्हणजे ऐकणे. पाळकांनी व वडील मंडळींनी व्यासपीठावरून एकदा तरी उघडपणे सांगावे की, असे कोणावर ओढवले असेल तर येथे कोणी हसणार नाही आणि ऐकलेले बाहेर जाणार नाही. आणि ते वचन पाळावे. महिला मंडळाच्या सभेत, तरुण संघात, घरगुती प्रार्थनासभेत हा विषय निघावा. लुटारूने लादलेले मौन मोडण्याचे सामर्थ्य कायद्यापेक्षा मंडळीच्या हाती अधिक आहे.

जखम बांधणे म्हणजे रक्त थांबवणे. फसलेल्याजवळ बसून पहिली गोष्ट ही करावी की, यापुढे एक रुपयाही जाऊ नये. परत मिळवून देणाऱ्यालाही नाही. त्याच घटकेस बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा. किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. ३० ऑगस्ट २०१९ पासून ते देशभरासाठी खुले आहे, म्हणून आपण इंदूरला असा, हैदराबादला असा की वसईला, मार्ग एकच आहे. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतो. तक्रार जितकी लवकर, तितकी तो वाटेत अडवण्याची शक्यता अधिक. संदेश, पावत्या, क्रमांक रागाच्या भरात पुसून टाकू नयेत, ते पुरावे आहेत. पोलीस ठाण्याची पायरी चढताना वृद्धाचे पाय लटपटतात. तेव्हा मंडळीतील एखाद्या तरुणाने बरोबर जावे. तेच आजचे जनावर आणि तीच आजची उतारशाळा.

आणि दोन नाणी. पैसे परत मिळतीलच असे नाही. बहुधा मिळत नाहीत. त्या महिन्याचे औषध, त्या महिन्याचे भाडे, नातवाची फी यांसाठी मंडळीच्या गरीब निधीतून गुपचूप काही देता येईल की नाही, हे पंचांनी पाहावे. शोमरोनी पुन्हा येतो म्हणाला. आपणही दोन महिन्यांनी पुन्हा त्या घरी जावे. लाजेची जखम सावकाश भरते.

एक शब्द तरुणांसाठी. लुटारूंना लुटीचा पैसा ठेवायला दुसऱ्यांची बँकखाती लागतात. थोड्या कमिशनवर आपले खाते, आपले कार्ड, आपले सिम कोणाला वापरावयास देणे हे निरुपद्रवी काम नव्हे. तो गुन्हा आहे, आणि त्या खात्यात पडणारा प्रत्येक रुपया कोणत्यातरी परिचारिकेच्या रात्रपाळीचा आहे. ज्याने असे केले असेल त्याने जक्कयाकडे पाहावे. प्रभू आपल्या घरी आल्यावर त्याने चौपट परत देण्याचे वचन दिले.

लुटारूंसाठीही प्रार्थना करावी, कारण त्यांतील कित्येक स्वतः बंदिवान आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार एकट्या म्यानमारमध्ये किमान १,२०,००० लोकांस अशी फसवणुकीची कामे करण्यास डांबून ठेवलेले असावे. चांगल्या नोकरीच्या आमिषाने त्यांनाही आधी फसवले गेले. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने आपल्या ५४९ नागरिकांस विमानाने तेथून परत आणले. गोड आवाजात खोटे बोलणाऱ्याच्या पाठीशीही कधी कधी काठी घेऊन कोणी उभा असतो. न्याय व्हावा, पण न्याय मागताना आपल्या मनात सूडाचे विष साठू नये.

६. विनामूल्य

प्रिय वाचकहो, शेवटी शुभवर्तमानाकडे येऊ.

मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभूला उंच डोंगरावर नेतो, जगातील राज्ये आणि त्यांचे वैभव दाखवतो, आणि म्हणतो, हे सर्व देईन. अट एकच, आधी नमन कर. जे त्याचे नव्हते ते त्याने देऊ केले आणि त्याची किंमत आगाऊ मागितली. लुटारूची सारी विद्या या एका प्रसंगात आहे. प्रभूने त्या वेळी स्वतःचे चातुर्य दाखवले नाही. त्याने पित्याचे वचन आठवले आणि भूलथाप गळून पडली. यहोशवाच्या वडीलधाऱ्यांनी जे केले नाही ते प्रभूने केले. जेथे घाई केली जाते आणि गुपित ठेवायला सांगितले जाते, तेथे आपणही आधी गुडघे टेकावेत, आणि मग उठून एखाद्या विश्वासू माणसाला विचारावे.

देवाचा क्रम याच्या नेमका उलट आहे. यशयाच्या पंचावन्नाव्या अध्यायात तो तान्हेल्यांना बोलावतो, ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांनाही बोलावतो, आणि देतो ते मोल घेतल्याविना. आपण पापी होतो तेव्हाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असे रोमकरांस पत्रात पौल सांगतो. आपण काही भरण्याआधी सर्व भरले गेले होते. ज्या दानासाठी आधी शुल्क मागितले जाते ते दान नव्हे, ही ओळख विश्वासणाऱ्याला कोणत्याही पोलीस पत्रकापेक्षा आधी व्हायला हवी, कारण तो कृपेने तारलेला आहे.

आणि ज्या बहिणीने, ज्या भावाने हे वाचताना मान खाली घातली असेल, त्यांच्यासाठी एवढेच : आपल्या प्रभूलाही जवळच्या माणसाने तीस रुपयांसाठी विकले. उघडा करून, मारून, रस्त्याच्या कडेला त्याला लोकांच्या हसण्यासमोर ठेवले गेले. तो तुमच्या लाजेला अनोळखी नाही. तो दुसऱ्या बाजूने जात नाही. आज कोणा एकाला सांगा. सांगताना आवाज कापला तरी चालेल.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, जे लुटले गेले आणि गप्प आहेत त्यांच्याजवळ तू जा, आणि जाताना आम्हाला बरोबर ने. आमच्या हसण्याची, आमच्या उलटतपासणीची आम्हाला क्षमा कर. आमच्या मुलांना प्रामाणिक भाकरीत समाधान दे. बंदिवानांना सोडव, लुटणाऱ्यांना पश्चात्ताप दे, आणि तुझी मंडळी वाटेवर पडलेल्यांसाठी उतारशाळा होवो. ज्याने आम्हांसाठी सर्व काही आधीच दिले त्या येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.